जमादार अक्कांचा कान

माझ्या सासूबाईंशी खोटं बोलून ते पचवलेला माणूस मी पाहिलेला नाही. प्रयत्न करणारे पुष्कळ पाहिले, आणि त्यांतला सर्वांत चिकाटीचा मी स्वतः. धुळ्याच्या देवपूर भागात सगळी गल्ली त्यांना 'जमादार अक्का' म्हणायची. पोलीस खात्यातून त्या हवालदार म्हणून निवृत्त झाल्या होत्या आणि नोकरीचा बहुतेक काळ त्यांनी लोकांचे जबाब लिहून घेण्यात घालवला होता. समोरचा बोलेल ते शब्दाला शब्द उतरवून घ्यायचं. ते करता करता त्यांचा कान असा तयार झाला होता की, माणूस बोलत असताना त्या त्याच्याकडे बघतसुद्धा नसत. भाजी निवडत, मान खाली घालून ऐकत. म्हणायच्या, "डोळ्यांत पाणी आणता येतं हो. शब्द मात्र घाईत उचलावे लागतात. तिथेच माणूस घसरतो."

लग्न झालं तेव्हा मी शेतीच्या पंपांच्या एका कंपनीत विक्री प्रतिनिधी होतो. म्हणजे खोटं बोलण्याचा मला पगार मिळायचा, आणि वर प्रवासभत्ता. ज्या विहिरीत चिमणीची चोच भिजणार नाही, तिथे पाच हॉर्सपॉवरची मोटर कशी शोभून दिसेल, हे मी शेतकऱ्याला बांधावर उभ्या उभ्या पटवून देत असे. एवढी विद्या गाठीशी असताना एका निवृत्त हवालदार बाईंची काय मातब्बरी, असं मला वाटायचं. पहिल्या दिवाळीतच हे वाटणं संपलं.

झालं असं की, सासुरवाडीला जेवायला बोलावलेलं असताना मी मित्रांबरोबर हायवेवरच्या ढाब्यात शेवभाजी खात बसलो. घरी पोचायला चांगलाच उशीर झाला. दारातच मी सांगून टाकलं, "अक्का, रस्त्यात गाडी पंक्चर झाली. त्यात पंक्चरवाला जेवायला गेलेला. आणि नेमकी फोनची बॅटरी उतरली."

अक्कांनी पाट मांडला, ताट वाढलं आणि शांतपणे म्हणाल्या, "जवाईबापू, खऱ्याला एक कारण पुरतं. खोट्याला तीन लागतात, कारण पहिल्या दोहोंवर त्याचा स्वतःचाच विश्वास नसतो." मग ताट पुढे सारत, "शेवभाजी तिखट होती का?"

मी थक्क झालो. रात्रभर विचार करत होतो, की माझ्या वाक्यातल्या कोणत्या शब्दावरून यांना शेवभाजी कळली असेल. सकाळी बायकोनं, म्हणजे रेखानं, शर्टावरचा तर्रीचा लाल डाग दाखवला.

अक्कांचा दुसरा नेम वाक्यातल्या कर्त्यावर असे. एकदा माझ्या हातून त्यांची लोणच्याची बरणी पडली. मी स्वयंपाकघरातून ओरडलो, "अक्का, बरणी फुटली!"

"फुटली? बसल्या बसल्या?" बाहेरून आवाज आला. "कर्ता कुठे गेला?"

"मी फोडली."

"हां. आता वाक्य पुरं झालं."

त्यांचं म्हणणं असं की, गुन्हेगाराच्या जबाबात सगळं आपोआप घडतं. गाडी ठोकली जाते, हात उचलला जातो, कुलूप तुटतं. 'मी' तेवढा कुठेच नसतो. आणि तिसरी गोष्ट त्या हसत हसत सांगायच्या, "माणूस खोटं बोलायला लागला की शुद्ध बोलतो. घरी 'मना भाऊ' म्हणणारा ठाण्यात येऊन 'माझे बंधू' म्हणाला की, मी समजायची, बठ्ठं, सगळंच खोटं शे." हे तर मला फारच लागलं. मी धुळे तालुक्यातला, आईशी आजही अहिराणी बोलणारा माणूस. पण थाप मारायची वेळ आली की माझ्या तोंडून 'वस्तुतः' असा शब्द बाहेर पडतो. मी 'वस्तुतः' म्हटलं की आतल्या खोलीतून रेखाचं हसू ऐकू यायचं.

विद्या एवढी नामी असल्यावर ती आपल्यालाही यावी, असं मला वाटणं साहजिक होतं. मी मनोमन अक्कांचा शिष्य झालो आणि पहिला प्रयोग घरात केला. रेखा म्हणाली, "दूध उतू गेलं." मी भुवई उंचावून विचारलं, "कर्ता कुठे गेला?" ती म्हणाली, "कर्ता सोफ्यावर पडून मोबाइल बघत होता. त्याला गॅसकडे लक्ष ठेवायला सांगितलं होतं." मी प्रयोग तिथेच थांबवले.

अक्कांची धाकटी मुलगी वैशाली धुळ्यात एका लॅबमध्ये रक्त तपासायचं काम करायची. तिच्यासाठी जामनेरचं स्थळ आलं. वडिलांचं बियाण्यांचं दुकान, मुलगा महेंद्र गुरांच्या सरकारी दवाखान्यात, नेमणूक मुक्ताईनगरला. वडील, मामा आणि मुलगा असे तिघे बघायला आले. वडिलांनीच ओळख करून दिली, "हा आमचा महेंद्र." मला मुलगा बघताक्षणी आवडला. मी पंपांविषयी बोलत असताना त्यानं मला एकदाही मध्ये तोडलं नाही. असा श्रोता मला आमच्या घरात आजवर मिळाला नव्हता.

अक्का मेथी निवडत बसल्या होत्या. "नोकरी कुठे म्हणालात?"

"एदलाबादला."

"काम काय असतं?"

"जनावरांचं. इंजेक्शन, टाके, वेत अडलं तर तेही."

"आणि हे पाहुणे?" अक्कांनी मामांकडे बोट केलं.

महेंद्र थोडा थांबला. "हे आईचे भाऊ," तो म्हणाला.

मेथीची काडी अक्कांच्या हातात तशीच राहिली. पुढे मुलामुलीनं गच्चीवर जाऊन बोलायचं ठरलं. दोघं वर गेली ती बराच वेळ खाली येईनात. चहा दुसऱ्यांदा झाला. पाहुणे गेल्यावर अक्कांनी विचारलं, "इतका वेळ काय बोललात?"

"फार काही नाही," वैशाली म्हणाली.

संध्याकाळी अक्कांनी निकाल दिला. "हा मुलगा काहीतरी झाकतोय. सगळ्या बोलण्यात एकदासुद्धा 'मी' म्हणाला नाही. मांडीला मांडी लावून बसलेल्या मामाला 'आईचे भाऊ' म्हणतो, म्हणजे दोघांत वाकडं आहे. आणि तिशीच्या आतला पोरगा मुक्ताईनगरला एदलाबाद कशाला म्हणेल? ते नाव म्हाताऱ्यांच्या तोंडी उरलंय. गच्चीवर एवढा वेळ काढला आणि म्हणे फार काही नाही!"

"आई, त्याला एकदा परत बोलव," वैशाली म्हणाली.

"कशाला?"

"बोलव म्हणते ना."

अक्का बधल्या नाहीत. तेव्हा वैशालीनं मला अंगणात गाठलं. "जिजाजी, तुमची त्या भागात फिरती असते ना? एक चक्कर मारून या. त्याला कामावर बघा." योगायोग असा की, रात्री जेवताना अक्काही मला म्हणाल्या, "ते मामाचं काय भांडण आहे, तेवढं काढून आणा." दोन बायकांनी एकाच दिवशी माझ्यावर विश्वास टाकण्याची ही माझ्या आयुष्यातली पहिलीच वेळ. मी गुप्तहेराच्या थाटात जामनेरला गेलो.

मामांचं घर सापडायला अवघड नव्हतं. त्या दिवशी नसलेला चष्मा मी आज लावला होता आणि वर टोपी घातली होती, एवढ्या वेषांतरावर ते मला ओळखणार नाहीत, असा माझा अंदाज. मी पंपांची माहितीपत्रकं पसरून बसलो. मामांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "पंप विकायला आलात, आणि आमच्याकडे विहीर आहे का ते विचारलंच नाही. आमची विहीर नाही हो, शेतीच नाही. पाहुणे, काय विचारायचं ते सरळ विचारा." मी विचारलं. मामा पोटभर हसले. भांडण? त्या पोराला मी खांद्यावर खेळवलंय, म्हणाले. "तुम्ही त्याच्याकडेच जा. आमच्याकडून नको. त्यानं आम्हाला बोलू नका म्हणून सांगितलंय."

आता तर माझी खात्रीच झाली की मोठं काहीतरी आहे. मुक्ताईनगरला पोचेपर्यंत मी महेंद्रला एक बायको, एक फौजदारी खटला आणि जुगाराचं व्यसन देऊन टाकलं होतं. दवाखान्यात कळलं की तो जवळच्या गावात म्हशीच्या वेतासाठी गेलाय. मी तिथे गेलो. गोठ्याच्या कुडाआडून आत बघू लागलो.

म्हैस आडवी पडली होती. महेंद्र खांद्यापर्यंत बाही सारून तिच्यामागे बसला होता आणि बोलत होता. न थांबता, झऱ्यासारखा. "भिऊ नको माय, मी आहे ना. मी काहीच नाही करत तुले. मले माहीत आहे दुखते म्हणून. मी आहे, मी आहे." मी मोजायचं सोडून दिलं. ज्याच्या तोंडी 'मी' नाही म्हणून लग्न मोडत होतं, त्याच्या वाक्यावाक्यात 'मी' होता.

पारडू बाहेर आलं. त्यानं हात धुतले, आणि म्हशीची मालकीण विचारू लागली, आता काय खायला घालू. त्यानं तोंड उघडलं. "म... म..." ओठ मिटले ते उघडेनात. मानेची शीर ताणली, डोळे मिटले. मग त्यानं तो शब्द सोडून दिला आणि भलत्याच वाटेनं वाक्य पुरं केलं, "पातळ काहीतरी द्या. गूळ घालून."

बाई माझ्याकडे वळली. ती मला केव्हाचीच बघत होती. "डॉक्टरले भेटाले आले का? त्याहिले जरा येळ लागते बोलाले. माणसासमोर अडखयते. म्हशीसमोर नाही अडखयत. म्हशीले घाई नसते ना."

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. मी, मामा, मुक्ताईनगर, म्हैस, आणि त्याचं स्वतःचं नाव, महेंद्र. बिचाऱ्याचं सगळं आयुष्य एका अक्षरात अडकलं होतं, आणि तो त्या अक्षराला वळसे घालत जगत होता. तो समोर आला आणि त्यानं मला ओळखलं. शरमेनं लाल झाला. वैशालीला त्यानं गच्चीवर सांगितलं होतं. "आईंना... आपणच सांगायचं, असं ठरवलं होतं," तो म्हणाला. "जमलं नाही." गच्चीवरचा तो वेळ आणि 'फार काही नाही' हे वैशालीचं उत्तर, दोन्ही अक्षरशः खरी होती. तेवढ्या वेळात त्याची दोनचारच वाक्यं झाली होती.

धुळ्याला येऊन मी अक्कांना सगळं सांगितलं. एरवी माझ्या हकिगतीत त्या चार जागी अडवायच्या. त्या दिवशी अडवलं नाही. वैशालीकडे बघून एवढंच म्हणाल्या, "तुला माहीत होतं?"

"हो."

"मग सांगितलं का नाहीस?"

"ते त्याचं सांगायचं होतं, आई."

रविवारी अक्का स्वतः जामनेरला गेल्या. गाडी चालवायला मी. महेंद्रच्या घरात सगळे ओळीनं बसले. या खेपेला अक्कांपुढे निवडायला भाजी नव्हती. त्या खुर्ची ओढून त्याच्या समोर बसल्या आणि त्याच्या तोंडाकडे बघत म्हणाल्या, "त्या दिवशी तुमचं नाव वडिलांनी सांगितलं. तुम्ही सांगा."

त्याचे ओठ मिटले. खोलीत कुणी हलेना. घड्याळ ऐकू येऊ लागलं. आमच्या धंद्यात शांतता म्हणजे गिऱ्हाईक गेलं असं समजतात, त्यामुळे मला ती सोसवत नाही. मी मदतीला धावलो, "महें..."

अक्कांचा तळहात माझ्या गुडघ्यावर फाडकन बसला. "जवाईबापू, जबाब तुमचा नाही."

आणि त्या थांबल्या. किती वेळ ते मला सांगता येणार नाही. त्याच्या कपाळावर घाम आला, एकदा त्यानं मान खाली घातली, पुन्हा वर केली. शेवटी नाव आलं. तुटत, ओढत, पण पुरं आलं. त्याची आई पदर तोंडाला लावून आत निघून गेली.

"छान नाव आहे," अक्का म्हणाल्या. "मी चुकले."

लग्न ठरलं. परतीच्या रस्त्यावर मी अर्थातच खुशीत होतो आणि या यशाचं श्रेय कसं वाटून घ्यावं याविषयी काही सूचना करत होतो. एरंडोल येईपर्यंत अक्कांनी त्या ऐकून घेतल्या. मग खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "माझी नोकरी नवी असतानाची गोष्ट आहे. सातपुड्याच्या पायथ्याला होते. एका शेतातली मोटर चोरीला गेली होती. रेमसिंग नावाच्या एका पावरा आदिवासीला धरून आणलं. त्याला मराठी धड यायचं नाही. दर वेळी विचारलं की वेगळाच शब्द वापरायचा. आधी म्हणाला पाहिली, मग म्हणाला धरली, मग म्हणाला तिथे नव्हतोच. मी साहेबांना सांगितलं, हा शब्द फिरवतोय."

"मग?"

"मग त्याला मार बसला."

मी आरशातून त्यांच्याकडे पाहिलं. वाक्यात कर्ता नव्हता. मला कळलं, आणि मला कळलंय हे त्यांनाही कळलं.

पारोळा मागे पडल्यावर त्या म्हणाल्या, "साहेबांनी मारलं. मी समोर उभी होते. मोटर पुढे दुसरीकडेच सापडली. त्याच्याकडे मराठीचे शब्दच किती होते? जो हाताला लागेल तो उचलत होता बिचारा. मला वाटलं, निवडतोय."

वैशालीचं लग्न थाटात झालं. महेंद्र सप्तपदीत अडखळला, तर भटजीही त्याच्याबरोबर थांबले. लग्नानंतर अक्कांनी माझ्यामागे लकडा लावला, की मला रेमसिंगच्या पाड्यावर न्या. तो माणूस जिवंत तरी आहे का, हे कुणाला माहीत, असं मी पुष्कळ सांगून पाहिलं. त्याला अर्थ नव्हता. त्या हिवाळ्यात आम्ही गेलो. पुढच्या हिवाळ्याला अक्का नव्हत्या. झोपेतच गेल्या. पण मला त्या आठवतात त्या देवपूरच्या घरातल्या नव्हे, त्या पाड्यावरच्या.

शिरपूरच्या पुढे डांबरी रस्ता संपला, तिथून विचारत विचारत गेलो. रेमसिंग जिवंत होता. अंगणात खाटेवर बसून अंबाडीची दोरी वळत होता. केस सगळे पांढरे. सून अंगणवाडीत काम करणारी, तिला चांगलं मराठी येत होतं. तिनं आम्हाला दुसरी खाट दिली. अक्कांनी आपण कोण ते सांगितलं. सुनेनं पावरीत सांगितलं. म्हाताऱ्यानं मान वर केली आणि अक्कांना बघून काहीतरी म्हणाला.

"म्हणतात, लिहिणाऱ्या बाई," सून म्हणाली.

"हो. भाऊ, तेव्हा तुम्ही सांगत होता, ते मी ऐकलं नाही. आता सांगा. तुमच्या बोलीत सांगा."

बराच वेळ तो दोरीच वळत राहिला. मग बोलू लागला. आधी खाली बघून, पुटपुटल्यासारखं. सून एकेक वाक्य मराठीत सांगत होती: शेताच्या बांधावरून चाललो होतो, मोटर पाहिली, हात लावून पाहिली, अशी मोटर आमच्याकडे नव्हती म्हणून. पुढे त्याचा आवाज चढला. त्यानं दोरी बाजूला टाकली, उठून उभा राहिला, दोन्ही मनगटं एकावर एक ठेवून दाखवली, पाठीकडे हात नेला. दारातून त्याची म्हातारी पुढे आली आणि तीही बोलू लागली. सून गप्प झाली होती. सासऱ्याच्या तोंडून हे ती पहिल्यांदाच ऐकत होती, सांगायचं विसरून गेली होती. अक्कांनी तिला सांग म्हटलं नाही. दोन्ही हात मांडीवर ठेवून, त्याच्या तोंडावरची नजर न काढता त्या ऐकत होत्या. उन्हं शेणानं सारवलेल्या अंगणातून भिंतीवर गेली. मी पोटापाण्यासाठी बोलणारा माणूस, पण मला तिथे खोकायचीही हिंमत झाली नाही.

शेवटी तो दमून खाटेवर बसला. पाणी प्यायला. सुनेला काहीतरी म्हणाला.

सुनेनं डोळे पुसले. "ते विचारतात, बाई, कळलं का?"

मी असतो तर 'हो हो, सगळं कळलं' म्हणून मोकळा झालो असतो आणि गाडीची किल्ली हातात घेतली असती.

"नाही भाऊ," अक्का म्हणाल्या. "अर्ध्यानंतर एक शब्दही कळला नाही."

सुनेनं ते त्याला सांगितलं. म्हाताऱ्यानं अक्कांकडे नीट पाहिलं. मग आपली खाट ओढत ओढत त्यांच्या खाटेला आणून लावली, समोर बसला, आणि पहिल्यापासून, सावकाश, पुन्हा सांगायला लागला.